किल्ल्यांच्या नावाच्या खोल्या

चाव्यांचा फळा अजून भिंतीवर आहे. चाव्या गेल्या, पितळी आकडे तेवढे उरले. आणि प्रत्येक आकड्याखाली, जिथे सागवानी ठोकळ्याची चावी लोंबत असे, तिथे एकेक लांबट डाग आहे. ठोकळ्याने झाकलेला रंग मूळचा गडद तपकिरी राहिला, भोवतालचा फळा दारातून येणाऱ्या उन्हाने विटून गेला. आपण जरा जवळ जाऊन पाहिले, तर हे सहा डाग सारखे नाहीत हे ध्यानात येते. 'कंधार'चा डाग ठसठशीत, कडा आखल्यासारख्या. 'माहूर'चा त्याहून मवाळ. आणि 'नळदुर्ग'च्या आकड्याखाली डाग असा नाहीच, नुसता एक आभास आहे. जी खोली रिकामी राही तिची चावी फळ्यावर असे आणि मागच्या रंगाला सावली देई. जी खोली सदैव भरलेली, तिची चावी पाहुण्याच्या खिशात आणि फळ्याचा तेवढा भाग उन्हात. कोणत्या दालनाला मागणी होती आणि कोणते दालन वाट पाहत राही, हा आमचा सारा धंदा उन्हाने या फळ्यावर नोंदवून ठेवला आहे. हिशेबाच्या वह्या कधीच रद्दीत गेल्या. हा हिशेब मात्र अजून वाचता येतो.

हा फळा ज्या रिसॉर्टचा, ते लातूर शहराबाहेर, मोठ्या रस्त्यापासून थोडे आत होते. इमारत आजही उभी आहे, पण फाटकाला साखळी आहे, लॉनवर गाजरगवत माजले आहे आणि जिथे लग्नाचे मांडव पडत तिथे वेड्या बाभळीने आपले रान वसवले आहे. मी तिथे आधी हाउसकीपिंगला आणि मग काउंटरवर काम केले. समुद्र नाही, थंड हवा नाही, दरी नाही, अशा काळ्या सपाट रानात रिसॉर्ट काढायचे म्हणजे निसर्गाकडून उसने काही मिळणार नव्हते. जे सुख द्यायचे ते माणसांनी हाताने घडवूनच द्यायला हवे होते. म्हणून त्या जागेचा आस्वाद घ्यायचा तर देखाव्याकडे पाहून चालत नाही, हातांच्या खुणा शोधाव्या लागतात. आणि गंमत अशी, की जागा गजबजलेली असताना या खुणा दिसत नव्हत्या. आता ती ओस पडली आहे, तर एकेक खूण वर येते आहे.

मालकांनी दालनांना आकडे दिले नव्हते, किल्ले दिले होते: औसा, उदगीर, कंधार, माहूर, परांडा, नळदुर्ग. औसा-उदगीर आमच्या जिल्ह्यातले, कंधार-माहूर नांदेडचे, उरलेले दोन धाराशिवचे. आणि १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर वेगळे निघेपर्यंत आमचा आणि धाराशिवचा एकच जिल्हा असल्यामुळे मालकांच्या पिढीला तेही परके वाटत नसत. प्रत्येक दालनात पलंगाच्या उशाशी त्या किल्ल्याचा मोठा फोटो आणि खाली पेंटरकडून सुबक वळणात लिहून घेतलेल्या दोन ओळी. उदगीरच्या फोटोखाली १७६० चे साल: सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले ते साल, ज्याच्या पुढच्याच संक्रांतीला पानिपत उभे होते. परांड्याखाली मुलूखमैदान तोफेची हकिकत, जी आज विजापूरच्या बुरुजावर आहे पण पूर्वी परांड्यात होती. कंधारच्या फोटोखाली राष्ट्रकूटांचे नाव, आणि फोटोत तटाला बिलगून राहिलेला तो पाण्याचा खंदक. हा इतिहास मी कुठल्या वर्गात बसून शिकलो नाही. चादरीचे कोपरे गादीखाली दुमडताना, उशीला अभ्रा चढवताना, समोर त्या ओळी असत. रोज पाहून पाहून त्या अंगात मुरल्या.

पण त्या नावांची खरी लज्जत आमच्या रोजच्या बोलण्यात होती. "उदगीरला दोन चहा." "कंधारचा गिझर बघून या." "माहूरला लहान लेकरू आहे, दूध कोमट पाठवा." "परांडा खाली झाला का?" आपण क्षणभर कान देऊन ऐकू या. ज्या शब्दांनी एके काळी खलिते गेले असतील, वेढे उठले असतील, तेच शब्द ट्रे घेऊन धावणाऱ्या पोरांच्या तोंडी इतके सहज, इतके घरगुती झाले होते की किल्ल्यांनी आपली सारी जरब उतरवून ठेवून पाहुणचाराला हात लावला आहे असे वाटे. आमच्याकडे पानचिंचोलीहून आलेला एक मुलगा होता. त्याने यातला एकही किल्ला पाहिलेला नव्हता; पण कोणत्या किल्ल्याला उशी जास्त लागते, कोणत्या किल्ल्यात पंखा आवाज करतो आणि कोणत्या किल्ल्यात सकाळचे ऊन थेट पलंगावर येते, हे तो झोपेतही सांगे. वास्तूशी ओळख असते ती अशी.

आता त्या आभासाकडे, 'नळदुर्ग'च्या पुसट डागाकडे वळू या.

हे दालन स्विमिंग टँकच्या समोर होते आणि त्यातला फोटो पावसाळ्यातल्या पाणीमहालाचा होता. सगळे पाहुणे तिथे थांबत, फोटोपुढे उभे राहत, मग खिडकीतून टँककडे पाहत आणि पुन्हा फोटोकडे. त्या दोन पाण्यांचे काही नाते मालकांच्या मनात होते हे मला फार उशिरा उमगले, मी स्वतः नळदुर्गला जाऊन आल्यावर.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग आहे. बोरी नदी किल्ल्याच्या अंगाने वाहते. किल्ला आणि पलीकडचे रणमंडळ यांना जोडणारा एक दगडी बंधारा नदीवर घातला आहे, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात, भिंतीच्या जाडीतच, महाल बसवला आहे. साल १६१३. विजापूरच्या गादीवर दुसरा इब्राहिम आदिलशहा. काम मीर इमादीन याचे. तिथला फारसी शिलालेख म्हणतो की या महालाकडे पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल. बंधारा बांधणारे जगात पुष्कळ झाले. पाणी अडवावे, साठवावे, शेताला-गावाला द्यावे, इथवर उपयोगाची बुद्धी जाते. नळदुर्गात तिच्यापुढे एक पाऊल पडले आहे: पाणी अडवलेच आहे, तर त्याच्या आत बसून त्याला पाहावे. पावसाळ्यात नदी भरली की बंधाऱ्यावरून दोन धारा कोसळतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आपण पायऱ्या उतरून आतल्या दालनात शिरतो तेव्हा काही दिसण्याआधी ऐकू येते. दगडातून येणारा, छातीला जाणवणारा एक घनगंभीर नाद. मग अंधाराला डोळे सरावतात, कमानीची चौकट दिसते, आणि चौकटीबाहेर जो पांढरा पडदा हलतो आहे तो पाण्याचा आहे हे उमजते. पाठीशी अडवलेली नदी, समोर कोसळणारी नदी, पायाखाली वाहून जाणारी नदी; आणि मधोमध आपण, कोरडे.

या सुखाची जात लक्षात घेण्यासारखी आहे. धबधबा आपण नेहमी समोरून पाहतो, दुरून, भिजत. इथे तो मागून दिसतो, जवळून, सुरक्षितपणे. घराच्या ओसरीवर बसून पाऊस पाहावा तसा. ही कल्पना ज्याच्या दरबारात रुजली त्या इब्राहिमाने 'किताब-ए-नवरस' रचली, दखनीतली ती गीते रागांत बांधलेली आहेत आणि त्यांत सरस्वतीची आराधना आहे. तो कानाचा माणूस होता. म्हणून मला वाटते, पाणीमहाल डोळ्यांसाठी म्हणून प्रसिद्ध असला तरी तो बांधला आहे कानांसाठी. खिडकी लहान, दालन बंदिस्त, दगड जाड: नाद अडवून, घोळवून, मुरवून कानी पडावा अशीच ती सारी रचना आहे. पाणी अडवणाऱ्या भिंतीने नादही अडवून धरावा, ही त्या कारागिराची कमाल.

आणि हॉटेलात काम केलेल्या माणसाच्या मनात तिथे आणखी एक विचार येतोच. या ओल्या पायऱ्यांवरून दिवे घेऊन कोण उतरत असेल? बिछायत अंथरली ती दमट होऊ नये म्हणून कोण किती वेळा बदलत असेल? सुरई, पिकदाणी, पानाचे तबक. एक हात भिंतीला, एक हात तबकाला. त्या माणसांनी काही लिहून ठेवलेले नाही. नळदुर्गात नोकरी केलेल्या एकाच माणसाच्या आठवणी मला ठाऊक आहेत, आणि तो परदेशी होता. १८५३ ला निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला, १८६० ला तो परत गेला. त्या मधल्या काळात मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गात राहून कारभार पाहत होता. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा तोच, तुळजापूरच्या मुलखात घडणारी १८६३ ची 'तारा' ही कादंबरीही त्याचीच. त्याच्या मृत्यूनंतर, १८७७ मध्ये आलेल्या 'स्टोरी ऑफ माय लाइफ' या आत्मचरित्रात नळदुर्गची वर्षे आहेत. ज्या जागी सुलतान विसाव्याला येत, त्या जागी हा माणूस जमीनमोजणी, रस्ते आणि महसूल यांच्या कामाला बसला होता. मला तो सुलतानापेक्षा जवळचा वाटतो. विलासाच्या जागेत ज्याने काम केले त्याची त्या जागेवरची माया वेगळी असते. तिला बिछायतीखालचा दगडही माहीत असतो.

आमचा टँक आता कोरडा आहे, आणि म्हणूनच तो आता नीट पाहता येतो. पाणी होते तेव्हा निळाई दिसे, पोरांच्या उड्या दिसत, रात्री पाण्यातल्या दिव्यांची भिंतीवर हलणारी जाळी दिसे. तळ मात्र कधीच दिसत नसे. आज पायऱ्या उतरून आपण तळाशी गेलो तर पहिली गोष्ट पायांना कळते: ढाळ. उथळ टोकाकडून खोल टोकाकडे फरशी इतक्या हळुवारपणे उतरत जाते की चालताना उतार वाटत नाही, फक्त पावले आपोआप पुढे पडतात. हा ढाळ गवंड्याने कसा काढला ते मी पाहिले होते. तो फरशीवर तांब्याभर पाणी ओती आणि उकिडवा बसून त्याच्या वाटेकडे एकटक पाहत राही. पाणी जरा कुठे रेंगाळले की तिथली फरशी उचलून पुन्हा बसवायची. जाळीपाशी चारी बाजूंनी पाणी एकाच वेळी पोहोचले तेव्हा तो उठला आणि त्याने हात धुतले. त्या तळावर आज कडुनिंबाचा पाला पडतो, आणि एखादी सर आली की तो पाला सरकत सरकत बरोबर त्या जाळीपाशीच येऊन थांबतो. गवंड्याचा हिशेब अजून चुकलेला नाही.

एका उन्हाळ्यात चाकूरकडचे एक शेतकरी कुटुंब आले होते. मुले पाण्यात गेली. वडील काठावर बसले, धोतर गुडघ्यापर्यंत आवरून त्यांनी पाय पाण्यात सोडले आणि दुपारभर तसेच बसून राहिले. मी टॉवेल द्यायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या मालक, आपोआप सुकतील." एवढे निळे पाणी, जे कुठल्या पिकाला जायचे नाही, कुठल्या जनावराला पाजायचे नाही, नुसते असावे म्हणून आहे, ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिले असावे. त्यांच्या चेहऱ्यावर हेवा नव्हता, नाराजी नव्हती. एक प्रकारची आदबच होती. पाणीमहालात उभे राहिल्यावर मला तो चेहरा आठवला. कोरड्या मुलखातला माणूस पाण्याकडे ज्या नजरेने पाहतो त्या नजरेसाठीच या दोन्ही जागा बांधल्या गेल्या असाव्यात.

पाहुणा आला की आधी पाणी आणि गुळाचा खडा, मग रजिस्टर, हा आमच्याकडचा नेम होता. शहरातल्या हॉटेलांत आधी नाव-पत्ता विचारतात. मालकांना ते खपत नसे. "तहान लागलेल्या माणसाला नाव विचारू नये," असे ते म्हणत. या साध्या नेमातही कसब होते. पेला काठोकाठ भरायचा नाही, दोन बोटे खाली ठेवायचा, म्हणजे थकलेल्या हातातून सांडत नाही. पेला कापडाने बाहेरून कोरडा पुसायचा. गूळ बशीत मध्यभागी नाही, कडेला, म्हणजे चिमटीत धरता येतो. पाणी माठातले, फ्रिजचे मागितले तरच. मला आजही एखाद्याच्या घरी गेल्यावर पाणी कसे येते यावरून त्या घराची वीण कळते. दिखाऊ ट्रे कितीही असोत, पेल्याचे बूड ओले असले की मन खट्टू होते.

स्वयंपाकघराची सत्ता वस्तादांची. मेनूकार्डावर पनीरचे नाना प्रकार असत, ते ते निमूटपणे करत. पण त्यांचा जीव होता येसरच्या आमटीत, शेंगदाण्याच्या चटणीत आणि धपाट्यांत. भाजलेल्या डाळी-धान्याचा तो मसाला ते स्वतः भाजत, दुसऱ्या कुणाला कढईजवळ येऊ देत नसत, आणि भाजणी जमली हे नाकाने ठरवत. लग्नाच्या मोठ्या पार्ट्या उरकल्यावर, रात्री उशिरा, आम्हा पोरांसाठी जी आमटी टाकली जाई तिची चव मी पाहुण्यांसाठी केलेल्या कुठल्याही पदार्थाला पाहिली नाही. उघड्यावर, भांडी घासायच्या ओट्यालगत, पत्रावळीसारखी मांडलेली स्टीलची ताटे, वर एकच बल्ब, आणि आमटीवर तरंगणारी ती तांबूस तर्री. दिवसभर दुसऱ्यांना वाढून थकलेल्या हातांना कुणीतरी वाढते आहे, यातला आनंद वाढपी झाल्याशिवाय कळत नाही.

वर्षातून एक दिवस मात्र रिसॉर्ट आपणहून ओस पडे: वेळ अमावास्या, आमची येळवस. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला लातूर-धाराशिवकडे गावे आणि शहरे दोन्ही रिकामी होतात, बाजार बंद, रस्ते सुने. जो तो शेतात. कडब्याची कोप, तिच्यात पांडव म्हणून मांडलेले पाच दगड, मडक्यातले आंबील, भज्जी, उंडे, धपाटे. चुकून मुंबई-पुण्याचा एखादा पाहुणा त्या दिवशी मुक्कामाला असला तर मालक त्याला घेऊन आपल्या रानात जात, कारण हॉटेलात वाढायला कुणी नसेच. एका वर्षी अशाच एका वयस्कर जोडप्याला मी कोपीपाशी भज्जी वाढली. मागे हरभरा, करडई, ज्वारी, थंडीतले कोवळे ऊन. बाई म्हणाल्या, "तुमचं खरं रिसॉर्ट हे आहे." मला ते पटले आणि जरा लागलेही. आज विचार करतो तेव्हा वाटते, आमच्या लॉनवर, टँकच्या काठी, मातीच्या पेल्यांत जे सजवून मांडण्याची धडपड होती ती या रानातल्या एका दिवसाचीच आठवण वर्षभर पुरवण्याची होती.

नांदेडने मला पाहुणचाराचे दुसरे टोक दाखवले. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला, गुरू गोविंदसिंहांच्या १७०८ मधल्या निर्वाणाला आणि गुरू ग्रंथसाहिबाच्या गुरुपदाला ३०० वर्षे झाली तेव्हा, सचखंड हुजूर साहिबला जगभरातून शीख भाविक आले. आमच्यातले काही जण नुसते पाहायला म्हणून गेलो आणि लंगरात वाढायला उभे राहिलो. तिथे प्रसादा, म्हणजे पोळी, ताटात टाकत नाहीत; बसलेला माणूस दोन्ही हातांची ओंजळ पुढे करतो आणि वाढणारा वाकून पोळी त्या ओंजळीत ठेवतो. वाकल्याशिवाय वाढता येत नाही आणि हात पसरल्याशिवाय घेता येत नाही, इतकी ती रचना नेमकी आहे. हॉटेलात आम्हाला कमरेतून किती वाकायचे हे शिकवले होते. लंगरात ते शिकवावे लागत नाही. तख्त साहिबाच्या स्नानासाठी पहाटे गोदावरीतून गागर भरून आणण्याची परंपराही तिथे अखंड चालू आहे. पाणी आणणारा सेवेकरी कुणाकडे पाहत नाही, कुणाशी बोलत नाही, त्याची चाल मात्र पाहत राहावी: वेगवान, तरीही गागर हिंदकळत नाही. परतल्यावर कितीतरी दिवस मी माठातून पेला भरताना ती चाल आठवत असे.

मग २०१६ उजाडले. मांजरा धरण आटले होते. लातूरला मार्चमध्ये पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले: 'जलदूत'च्या पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर, आणि पुढे ५० वाघिणींची गाडी, एका खेपेला २५ लाख लिटर. देशभरातले बातमीदार, अधिकारी, अभ्यासक लातुरात उतरले. रिसॉर्टची सहाही दालने भरली. फळ्यावर एकही चावी नाही, असा तो हंगाम दुष्काळाचा होता.

टँक त्याआधीच रिकामा केला होता. त्यातले शेवटचे पाणी बादल्यांनी उपसून कडुनिंबाला आणि फणसाला घातले. कडुनिंब जगला. प्रत्येक दालनाला दिवसाला दोन बादल्या, हे मी पाहुण्यांना काउंटरवर सांगे, आणि सांगताना मान वर होत नसे. पण आल्या आल्या पाणी आणि गूळ, हा नेम मालकांनी मोडू दिला नाही. पेला लहान केला, एवढेच. तांब्याच्या वाटीएवढे फुलपात्र, दोन बोटे खाली, बाहेरून कोरडे पुसलेले. एक कॅमेरावाली मुलगी ते पाणी प्यायली, रिकामे फुलपात्र तिने दोन्ही हातांनी ट्रेवर ठेवले, आणि मग कितीतरी वेळ रजिस्टरात नाव लिहिताना तिचा पेन थांबत होता. तिने त्या दिवशी टँकर, रांगा, कोरड्या विहिरी पाहिल्या होत्या. मला वाटते, आमच्या त्या सगळ्या वर्षांत आम्ही केलेला सर्वांत सुंदर पाहुणचार तो होता. टँक निळा असताना, लॉन हिरवे असताना आम्ही पुष्कळ काही दिले. पण ज्या दिवसांत पाण्याचा घोट मोलाचा होता त्या दिवसांत तो घोट आधी पाहुण्याला देण्यात जे सौंदर्य होते, त्याला तोड नाही.

पुढे पाऊस आला, पाण्याची गाडी ऑगस्टपर्यंत धावून थांबली. बोअर पूर्वीसारखे चालले नाही, लग्ने शहरातल्या मंगल कार्यालयांकडे वळली, आणि मार्च २०२० मध्ये जे फाटक लागले ते उघडलेच नाही. त्यात सांगण्यासारखे फारसे काही नाही. वस्तादांनी आष्टामोडच्या रस्त्यावर दही-धपाट्यांची गाडी टाकली आहे. लातूर-नांदेड प्रवासात गाड्या थांबतात त्या पट्ट्यात. पानचिंचोलीचा मुलगा पुण्यात एका मोठ्या हॉटेलात आहे. मालक गेले. त्यांच्या घरच्यांनी फोटो उतरवून नेले, चाव्यांचा फळा राहिला.

वाचकांना एवढेच सांगायचे आहे. पाणीमहाल पाहायला सगळे जण भर पावसाळ्यात, नर-मादी सुटल्यावर जातात. तसे जरूर जा, तो नाद एकदा अंगावर घेतलाच पाहिजे. पण एकदा उन्हाळ्यातही जा. धारा नसतात तेव्हा बंधाऱ्याचा माथा दिसतो, पाण्याच्या वाटा दिसतात, दगडाला दगड कसा भिडवला आहे ते सांधे दिसतात, आणि दालनात उतरणाऱ्या पायऱ्यांकडे सावकाश पाहता येते. पाणी सोबत घेऊन जा, आणि सकाळी नऊच्या आत पोहोचा. त्यानंतर दगड तापतो.